खालच्या कप्प्यातली पाकिटं

परीक्षानळीतला रंग फिका गुलाबी व्हायला हवा होता, तो गडद जांभळा झाला. व्हर्नानं नळी उजेडाकडे धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मीच काहीतरी घोळ घातलाय," ती म्हणाली.

"तू आणि घोळ?" मी शेजारच्या टेबलावरून हसले. व्हर्ना घरच्या मिठाच्या बरणीवरही तारीख लिहिते, यावरून आम्ही सगळे तिला चिडवायचो.

सॉसेज टिकावं, लालसर दिसावं म्हणून त्यात नायट्राइट घालतात. चिमूटभर असेल तर चालतं. फार झालं तर माणसाचं रक्त प्राणवायू वाहायचं सोडतं, ओठ निळे पडतात. ते मर्यादेत आहे ना, एवढंच आमची प्रयोगशाळा बघते. विस्कॉन्सिनात सॉसेजवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे आम्हाला कामाला तोटा नाही.

व्हर्नानं दुप्पट पाणी घालून चाचणी पुन्हा केली. रंग जांभळाच आला. मग तिनं नळीकडे बघणंच सोडलं आणि चहाच्या खोलीच्या दाराकडे बघायला लागली. ती काय बघतेय ते मला कळलं.

तपासणीला पेटीभर पाकिटं येतात, आम्हाला एकच लागतं. उरलेली तिथल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जातात. ज्याला हवं त्यानं चिकटपट्टीवर नाव लिहून ठेवायचं, पण न्यायचं निकाल आल्यावरच, असा नियम. निकाल कायम चांगलाच यायचा, मग नियम पाळतो कोण? व्हर्ना मात्र पाळायची. फक्त काल नात राहायला येणार म्हणून तिनं एक पाकीट आधीच नेलं होतं.

हातमोजे न काढताच तिनं भिंतीवरच्या फोनचा स्पीकर लावून घरी नवऱ्याला फोन केला.

"लीरॉय, टेसा कुठंय?"

"कार्टून बघतेय. तुला काय झालं?"

"सॉसेज खाल्लं तिनं?"

"एक घास घेतला नि थुंकला. खारट म्हणे. तुझ्यावरच गेलीय कार्टी!"

"तिचे ओठ बघ. कुठल्या रंगाचे दिसतात?"

"लाल. जॅम लागलाय."

"पूस, नि मग सांग."

"पुसले बाई. गुलाबी आहेत. झालं समाधान?"

व्हर्ना मटकन स्टुलावर बसली. माझ्याही जिवात जीव आला.

"उरलेलं फेकून दे," ती म्हणाली.

"उरलंय कुठं? तिच्या वाटचंही मीच संपवलं. तू आणलेलं म्हणजे तपासलेलंच असणार की! डोकं तेवढं जड झालंय. जिना चढताना दम लागला. म्हातारा झालो गं."

इतका वेळ तिनं नातीबद्दलच विचारलं होतं. आता ती उभी राहिली. स्टूल मागे पडलं.

"टेसाला फोन दे. नि तू खाली बस. बस म्हणते ना!"

"आजी?"

"टेसा, राणी, आजोबांचे ओठ कसे दिसतात गं?"

पोरगी तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आजोबांनी ब्लूबेरी खाल्ल्यात. मला एकपण नाही दिली."

मी माझ्या मोबाइलवरून रुग्णवाहिका बोलावली. व्हर्नाच्या घराचा पत्ता दोनदा सांगितला. व्हर्ना नातीला बोलतं ठेवत होती, आजोबांना गाणं म्हणून दाखव म्हणत होती. लीरॉयचा आवाज आधी हसरा होता, मग जाड झाला, मग नुसतंच पोरीचं गाणं ऐकू यायला लागलं.

शेवटी फोनवर परका आवाज आला. "मॅडम, यांनी काय खाल्लंय?"

व्हर्नानं निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितलं, "नायट्राइट. मर्यादेच्या कितीतरी पट. दोनदा तपासलंय. मीच घरी नेलं होतं."

आमची वरिष्ठ पाकू वांग दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू चालव. तिला चालवू देऊ नकोस."

जाताना मी चहाच्या खोलीत पाहिलं. पाकू फ्रिजपुढे गुडघ्यांवर बसून खालच्या कप्प्यातली पाकिटं लाल पिशवीत टाकत होती. एकावर माझं नाव होतं. शेवटचं पाकीट मात्र तिच्या हातातच राहिलं. त्यावरच्या चिकटपट्टीवर व्हर्नाच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'लीरॉयसाठी'. खाली उद्याची, निकालानंतरची तारीख होती.