हेडरचा काटा

मी बोईसरला एका कारखान्यात बॉयलरवर आहे. एकवीस वर्षं प्रेशरचा काटा बघतोय. काटा जागेवर असला की खाली भट्टी पेटलेली आहे असं माणूस समजतो. माझ्या बायकोच्या, सुलूच्या बाबतीत मी तसंच समजलो.

मंगळवारी सकाळी कपडे वाळत घालताना ती पडली. मेंदूच्या खालच्या देठात रक्तस्राव झालाय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतःच्या मानेमागं बोट ठेवून दाखवलं. "इथं आत काही पेशी असतात. काही रक्ताचा दाब सांभाळतात, काही श्वास चालवतात. आपण झोपलो तरी त्यांचं काम चालू असतं. यांच्या त्या पेशी गेल्यात असं वाटतंय."

श्वास यंत्रावर चालला होता. पण गुरुवारी मॉनिटरवर दाब एकशे अठरा दिसला. पडली तेव्हा तो दोनशेच्या वर होता. मी सुलूच्या माहेरी, मुरब्याला, तिच्या भावाला पंढरीला फोन केला.

"दाब जाग्यावर आला रे! त्या पेशी कामाला लागल्या. येताना आमच्या घरून तिच्या चपला आण, घरी जाताना लागतील."

शुक्रवारी पंढरी चपला पिशवीत घालून आला. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "काय गो बाय, मासळी सुकवायला नको म्हणून झोपलीस ना? ऊठ, आय वाट बघते."

दहा वाजता डॉक्टर आले. म्हणाले, यंत्र काढून दहा मिनिटं बघायचं. नळीतून ऑक्सिजन चालूच राहील. तिनं आपणहून एक जरी श्वास घेतला तरी आशा आहे.

यंत्र काढलं. मी मॉनिटरकडे बघत होतो. एकशे अठरा. एकशे सोळा.

"बघ पंढरी, पडत नाही!"

"भावोजी, आकडा काय बघता? पाण्यातनं माणूस काढला का आमी पोट बघतो. हितं बघा."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. "हललं! डॉक्टर, हललं!"

पंढरीनं माझं मनगट धरलं. "तुमचा हात थरथरतो, भावोजी."

दहा मिनिटं झाली. सिस्टरनं यंत्र परत जोडलं आणि तिची छाती वर आली, रोजच्यासारखी. मी डॉक्टरांना विचारलं, "मग दाब कसा काय बरोबर आहे?"

त्यांनी पलंगाशेजारच्या औषधाच्या पंपाकडे बोट दाखवलं. "दाब या औषधानं धरून ठेवलाय."

आमच्याकडे दोन बॉयलर एकाच हेडरला जोडलेले आहेत. हेडर म्हणजे वाफेचा मोठा पाइप. एकाची भट्टी विझली तरी हेडरचा काटा पडत नाही, दुसऱ्याची वाफ असते. म्हणून खाली वाकून भट्टीत बघायचं असतं. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि मी तिच्या आईला पण कळवून बसलो होतो, की सुलू घरी येते म्हणून.

"अजून एकदा करा," मी डॉक्टरांचे पाय धरले.

"सहा तासांनी ही चाचणी परत करावीच लागते. नियम आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मला उठवलं.

चार वाजता यंत्र परत काढलं, तेव्हा मी मॉनिटरकडे पाठ करून बसलो. दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले. हात थरथरू नयेत म्हणून मी माझा श्वास धरला. दहा मिनिटांत मला तो कितीतरी वेळा घ्यावा लागला. तिनं एकदाही घेतला नाही.