एका वेळी हातभर

पॅट्रिक तुस्कानो हा बँक्वेटचा, म्हणजे हॉटेलातल्या मेजवान्यांचा माणूस. वसई सोडल्यापासून दुबईतल्या हॉटेलांत त्याने इतकी टेबलं मांडली, की रिकामं टेबल दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागत. आणि नेमकी ह्याच्याच पोटी शेनॉन जन्मली, जी अर्धा कागद कोरा सोडते.

शेनॉन चिनी पद्धतीची शाईची चित्रं काढते. चीनमधले जुने विद्वान म्हणे अशी चित्रं काढायचे, विकायला नव्हे, मित्रांना दाखवायला. काळी शाई, पाणी आणि ब्रश, बस्स. पॅट्रिक तिच्या प्रत्येक चित्राला "नाइस, बाळा" म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला त्यात काही म्हणजे काही दिसत नसे. हे पोरीला एक दिवस कळणार, ह्या भीतीने बिचारा खंगला होता.

आज शारजातल्या एका छोट्या गॅलरीत तिच्या चित्राची लांबलचक गुंडाळी पहिल्यांदा उघडायची होती. तिचे गुरू लियांग सर अल ऐनला राहतात, त्यांना आणायला ती गाडी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "पपा, जस्ट कीप द टेबल रेडी."

मग काय विचारता. हॉटेलातून पांढरं साटिन आलं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबलं जोडली गेली, आणि पॅट्रिकसाहेबांनी गुंडाळी पार शेवटपर्यंत अंथरली. कडा उडू नयेत म्हणून मीठदाण्या ठेवल्या. लांब उभं राहून पाहिलं. डोंगर, मग काहीतरी करडं, मग कोरं. बुफे संपत आल्यासारखं दिसत होतं. त्या कोऱ्या जागेवर त्याने फुलदाणी ठेवली, तेवढीच शोभा.

शेनॉन दारातच थबकली. "पपा, नो. यू डोन्ट ओपन इट ऑल." ती रडकुंडीला आली होती.

लियांग सर मात्र हसले. त्यांनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली, चित्र डावीकडून नीट गुंडाळत आणलं आणि खुर्ची ओढली. "यल्ला, फादर, सिट."

शेनॉनने डोळे पुसत समजावलं. गुंडाळी उजवीकडून उघडायची, एका वेळी हातभरच. बघून झालेलं गुंडाळायचं आणि पुढे जायचं, चालत गेल्यासारखं.

पॅट्रिकने हातभर उघडलं. अल ऐनजवळचा जबल हफीतचा डोंगर होता. ब्रश कोरडा घासत गेला होता तिथे दगड खरखरीत, बोटाला लागेल असा. शाई पाण्याने पातळ झाली होती तिथे दुपारची धूळ. अरे, एका काळ्या शाईत हिने ऊन काढलंय! पुढे खजुरी होत्या, एकेक पान एकेका फटकाऱ्यात. खोडायची सोय नाही, शाई कागदात शिरली की शिरली. काय हात आहे पोरीचा, असं तो मोठ्यानेच म्हणाला.

मग खाडी आली, खाडी ओलांडणारी एक अब्रा, लाकडी होडी आली. काठावर तीन फटकाऱ्यांचा माणूस उभा होता. त्याला तोंड नव्हतं. पण एक हात पाठीमागे होता आणि मान जराशी पुढे झुकलेली. पाहुण्यांची वाट बघत बँक्वेटवाले असेच उभे राहतात, आणि पॅट्रिकचा सगळा जन्म असाच उभ्याने गेला होता. त्या माणसासमोर कोरा कागद पसरला होता.

"हे पाणी का गं?" त्याने विचारलं.

"व्हॉटेव्हर ही इज लुकिंग ॲट, पपा."

तो किती तरी वेळ तिथेच थांबला. मग उरलेला कोरा कागदही त्याने हातभर हातभर शेवटपर्यंत उघडून बघितला. "शेनॉन, आजपर्यंत मी तुझं एकही चित्र बघितलं नव्हतं गं."

"आय नो, पपा," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ह्या चित्रकारांची एक रीत आहे. जो शेवटपर्यंत पाहतो, तो गुंडाळीच्या शेवटी त्यासाठीच सोडलेल्या कोऱ्या कागदावर दोन शब्द लिहितो. लियांग सरांनी स्वतःला लिहायला म्हणून शाईत भिजवलेला ब्रश पॅट्रिकच्याच हातात दिला. बिल सोडून त्याने कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. पण त्याने मराठीतच लिहिलं, "पाहिलं." खाली सही केली, शेनॉनचा पपा.