मॅक्सीनच्या कार्डाचा नंबर

लोर्ना हॅचरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाडी तिने वाचनालयाच्या दारात आडवीच लावली. सोमवारी भरपाईची सुनावणी होती. तिचा नवरा व्हर्जिल छातीत ॲस्बेस्टॉसची धूळ साठून गेला, आणि कागदगिरणीवाले म्हणत होते की आमच्याकडे ॲस्बेस्टॉस कधी नव्हताच. चौऱ्याहत्तर साली गावच्या पेपरात गिरणीतला त्याचा फोटो आला होता, एवढं तिला पक्कं आठवत होतं. पेपर केव्हाच बंद पडला. त्याचे जुने अंक उरले होते ते वाचनालय वर्गणी भरत असलेल्या डेटाबेसमध्ये, आणि तो कालपासून बंद.

“वाचनालयाच्या मंडळाने काढून टाकला,” ग्रंथपाल मॅक्सीन म्हणाली. “वर्षभरात एकच माणूस वापरतो म्हणे.”

“एकच? मग या संगणकाच्या खुर्चीपुढे रोज रांग लागते ती काय भुतांची?”

मॅक्सीनने संगणकाला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे बोट केलं. म्हाताऱ्यांना आपापल्या कार्डाचे नंबर आठवेनात, म्हणून सात वर्षांपूर्वी तिने स्वतःचाच लिहून ठेवला होता. सारं गाव त्याच नंबरावर आत शिरत होतं.

“अगं बये! तो एक माणूस म्हणजे तू?”

“आता सांगू कोणत्या तोंडाने? कार्ड दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही.”

“आग लागो तुझ्या चांगुलपणाला!” लोर्ना म्हणाली. मॅक्सीनच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी लोर्नाला जराही दया आली नाही.

संध्याकाळी मंडळाच्या सभेत अध्यक्ष प्रुइट यांनी घड्याळ पुढ्यात ठेवलं. “नागरिकाला तीन मिनिटं. बोला.”

लोर्नाने कागद न बघता चौदा आकडे म्हणून दाखवले. “हा तुमचा एक माणूस.”

मागून न्हावी ऑर्विलने तेच आकडे म्हटले. मग त्याच्या शेजारणीने. मग अख्ख्या सभागृहाने, पाढे म्हणावेत तसे.

“हे नियमाविरुद्ध आहे!” प्रुइट ओरडले.

“आहेच. सगळ्यांची कार्डं काढून घ्या. पण सोमवारच्या आत माझा नवरा मला शोधून द्या!”

प्रुइट यांनी घड्याळ बाजूला सारलं. मतदान झालं. डेटाबेस परत आला, आणि मॅक्सीनला लेखी ताकीद मिळाली.

शनिवारी लोर्ना त्याच खुर्चीत बसली. पिवळी चिठ्ठी गेली होती. स्वतःच्या कार्डाचा नंबर तिने दोनदा चुकीचा टाकला. मॅक्सीन मागे उभी होती.

तिसऱ्यांदा जमलं. फोटोत चोवीस वर्षांचा व्हर्जिल खांद्यावर पोतं घेऊन हसत होता. नाकातोंडावर साधं फडकंही नव्हतं. पोत्यावर ठळक अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस’ छापलेलं होतं.

खाली ओळ होती: गिरणीचा या महिन्याचा आदर्श कामगार.

“छाप,” लोर्ना दात आवळून म्हणाली. “दहा प्रती छाप.”