लहान मुठीची करवत

मी लहान मुठीची करवत बोलतेय. तोंडभर दात असूनही मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी हातोडी आपटली तरी मी खिळ्यावर थरथरते.

पूर्वी मी चांगली लांबलचक होते. पळसदेवच्या दत्तोबा सुतारांकडे होड्यांच्या फळ्या कापायचे. एकदा लाकडातल्या जुन्या खिळ्यावर आदळले नि कडकन मोडले. आता भंगार, असं वाटून जीवच गेला माझा!

ते शहाण्णव साल. शाळेत योगिनीबाईंनी सुतारकामाचा वर्ग काढला होता, शिकवायला दत्तोबातात्या. पण पहिल्याच आठवड्यात एका मुलानं मोठ्यांची करवत उचलली, तात्यांसारखंच लाकूड पायाखाली दाबलं आणि पायाचा अंगठा कापून घेतला. सहावीतल्या रश्मीची आई रंगुबाई मासळीची पाटी घेऊनच शाळेत आली.

"बाई, लेकरं शिकाय धाडली का पाय तोडाय?"

बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "महिनाभर द्या. मग मुलं तुमच्यासमोर काम करतील. रक्ताचा थेंब दिसला, तर वर्ग बंद."

तेव्हा तात्यांनी मला अडगळीतून बाहेर काढलं. मोडकं टोक छाटलं, बारीक दात पाडले, रश्मीच्या पंजाच्या मापानं बाभळीची मूठ बसवली. लहानग्यांना पॉलिश पेपर, पाचवीला हातोडी, सहावीपुढं मी. लाकूड कोरायची पटाशी मात्र तात्यांसमोरच. लाकूड शेगड्यात, म्हणजे बाकाच्या लोखंडी पकडीत, घट्ट आवळायचं, पायाखाली कधीच नाही. तात्या ओरडायचे, "पाय कुठं?" पोरं ओरडायची, "जमिनीवर!"

पण तात्यांची जन्माची सवय! लाकूड हाती आलं की पाय आपोआप वर. मग पोरंच ओरडायची, "तात्या, पाय कुठं?" तात्या कानाची पाळी धरायचे नि शेगड्याकडे वळायचे.

तो दिवस आला. सगळे आईबाप ओट्यावर. रश्मी आईसाठी बसायचा पाट करत होती. बाजारात रंगुबाई दिवसभर जमिनीवरच बसायची. शेवटची पट्टी उरली आणि शेगडा सैल झाला. पट्टी सुटून खाली पडली. घाईघाईत रश्मीनं तिच्यावर पाय दिला आणि मला टेकवलं.

बाई गं! माझे सगळे दात एका पायावर रोखलेले. योगिनीबाई उठल्या. तेवढ्यात रश्मीच थांबली.

"पाय कुठं?" तिनं स्वतःलाच विचारलं. पाय उचलला, मला बाजूला ठेवलं, शेगडा पुन्हा आवळला. मग मी अशी सरसर चालले की भुशानं तिची वेणी पांढरी झाली!

पाट तयार झाला. रंगुबाई जपूनच टेकली.

"जोरात बसा की," तात्या म्हणाले. "मोडला तर मी सुतार न्हाय."

"तुमी न्हाय केला, माज्या लेकीनं केलाय!" रंगुबाई धपकन बसली. पाट हलला नाही. तिनं लेकीचे पाय, हात, बोटं निरखून पाहिली. कुठंही ओरखडा नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "हिच्या धाकट्या भावालाबी पॉलिश पेपर द्या उद्यापासनं."

काय टाळ्या पडल्या! त्या आवाजानंही मी दचकलेच, पण आनंदानं.

आज मी वर्गातल्या भिंतीवर, मुलांच्या हाताला येईल अशा खिळ्यावर आहे. मूठ घामानं काळी, गुळगुळीत झालीय. आईबापांनो, माझी भीती धरून मुलांना दूर ठेवू नका. सगळ्यांच्या वाटची भीती मीच बाळगते. फक्त त्यांच्या मुठीत मावेल अशी करवत द्या आणि कापायला घेण्याआधी एकदा विचारा, "पाय कुठं?"