कुलूप लावलेली घरं

नाल्याकाठून नवा रस्ता जाणार होता. त्यापायी झाडं किती पडतील, घरं किती उठतील, याचा अहवाल करायचं काम आमच्या कचेरीकडे होतं. घरं मोजायला मला पाठवलं.

दोन दिवसांचं काम मी एका सकाळीतच उरकलं. गल्लीच्या टोकाला नऊ दारांना कुलपं होती. नियमानं संध्याकाळी पुन्हा जायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, पायांचे तुकडे पडले होते. नऊही घरांपुढे मी लिहून टाकलं, ‘रिकामं’. रिकाम्या घराला बदली जागा मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जनसुनावणीत साहेबांनी अहवाल वाचला, तेव्हा मागून एक बाई उठली. इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती.

"आमची घरं रिकामी कशी हो, साहेब?"

"पाहणीच्या वेळी कुलूप होतं, बाई."

"मग दार उघडं टाकून कामाला जायचं का?"

सगळे हसले. "कोण आलं होतं मोजायला?" तिनं विचारलं. मी मान खाली घालून कागद चाळत राहिले.

घरी आईला सगळं सांगितलं.

"मग कबूल करून टाक की."

"नोकरी जाईल गं."

"गेली तर तुला राहायला घर आहे ना?" एवढंच म्हणून आई भाजी चिरू लागली.

तरी धीर यायला मला दोन महिने लागले. माझं कबुलीचं पत्र वाचून साहेबांनी कपाळाला हात लावला. "बैल गेला नि झोपा केला! अहवाल मंजूरही झालाय." पण फेरपाहणीच्या कागदावर त्यांनी सही केली, मला लेखी ताकीद दिली.

या वेळी मी संध्याकाळी गेले. सहा घरांत माणसं भेटली. त्यांना पुढे खोल्या मिळाल्या. तीन घरं मात्र खरोखरच रिकामी झाली होती. बदली जागा मिळणार नाही म्हणताच छपराचे पत्रे विकून ती माणसं निघून गेली होती. धुलाईवाली बाई त्यांतलीच. इस्पितळात चौकशी केली, तर तिनं कामही सोडलेलं. पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

तिच्या शेजारणीनं पुढे नव्या खोलीत मला बसवून चहा दिला. "ताई, तुम्ही आलात म्हणून आमचं झालं बघा," ती म्हणाली.

पहिली मोजणीही मीच केली होती, हे तिला तेव्हाही सांगता आलं नाही.