ज्याचा खडा त्याचा खांदा

खडा हातातून सुटला आणि अंगदला बोटांतच कळलं, चुकला.

कळप वळवायला तो पडायला हवा होता मेंढीच्या नाकापुढे हातभर. बसला तिच्या पुढच्या पायावर. मेंढी गुडघ्यावर कोसळली आणि अशी ओरडली, की तातेरावांच्या सोयाबीनमध्ये घुसायला निघालेला सगळा कळप जागच्या जागी थिजला.

"आरं तिच्या मारी!" म्हणत त्याचे वडील रखमाजी ओढ्यापलीकडून काठी टाकून धावले. म्हातारा सत्तरीला टेकलेला, पण पळणं असं, की पोरांनी बघत राहावं. त्यांनी मेंढीचा पाय दोन्ही हातांनी चाचपला.

"मोडला. आन् गाभण हाय रे ही."

अंगद उभाच. सहा फूट दोन इंचांचा, अमेरिकेत चार वर्षं चेंडू फेकून आलेला गडी, आणि त्याला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. त्याने ते खिशात घातले. पुन्हा बाहेर काढले.

बेसबॉल गावात कुणी पाहिला नव्हता, पण अंगद त्यात पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. क्रिकेटसारखं धावत यायचं नाही, टप्पा पाडायचा नाही. जागेवरून पाय उचलायचा आणि चेंडू हवेतून थेट, ताटाएवढ्या जागेतून न्यायचा. सतराव्या वर्षी तो हिंगोलीला भालाफेकीला गेला होता, तिथे बेसबॉलचं शिबिर घेणाऱ्या साहेबांनी सहज त्याच्या हाती चेंडू दिला. दहातले नऊ बरोबर गेले. "कुठे शिकलास?" साहेबांनी विचारलं. "मेंढरामागं," अंगद म्हणाला आणि सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी वही काढून त्याचं नाव लिहून घेतलं.

मग पुणं, मग अमेरिका. मक्याच्या शेतांत वसलेल्या एका लहानशा गावाचा पगारी संघ. पहिले दोन हंगाम नुसते सोन्याचे! तिसऱ्यात त्याचा चेंडू एका फलंदाजाच्या गालफडात बसला. तो पडला तो उठलाच नाही, स्ट्रेचरवरून गेला. पुढे बरा झाला, "तुझी काही चूक नाही," असा फोनही त्याने केला. पण अंगदचा हात काही बरा झाला नाही. दुखत नव्हता की सुजला नव्हता, फक्त ऐकेनासा झाला. चेंडू कधी मागच्या जाळीवर, कधी मातीत. कोचने वर्षभर धीर धरला. मग एका सकाळी ऑफिसात बोलावलं, हात मिळवला, आणि पाच मिनिटांत सगळं संपलं.

घरी त्याने सांगितलं, "सुट्टी हाय." त्या सुट्टीला आता पाचवा महिना लागला होता. कुणी "फेकून दाखव की" म्हटलं, की तो म्हणे, "हात जपावा लागतो." आज मात्र बघायला कुणी नव्हतं, मेंढरं पिकात शिरत होती, आणि त्याला वाटून गेलं, एवढासा तर खडा!

रखमाजींनी बाभळीच्या दोन काड्या लावून स्वतःच्या पटक्याने मेंढीचा पाय बांधला. कळप शेजारच्या गुराख्याच्या नजरेखाली सोडला. अंगद मेंढी उचलायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला आणि तिला आपल्याच मानेवर घेतलं.

"आबा, तुमी काहून? खडा माझा हाय."

"गप चाल. काठी घे ती."

अंगदने काठी घेतली. त्यांच्या भावकीत रीतच होती, ज्याचा खडा त्याचा खांदा. खडा जनावराला लागला, तर मारणाऱ्यानेच ते उचलून भर गावातून न्यायचं, आडवाटेनं नाही. विचारलं की कबूल करायचं. लोकांनी पोटभर हसून घ्यायचं आणि विषय संपायचा. पन्नास वर्षांत रखमाजींच्या खांद्यावर अशी एकही मेंढी आली नव्हती. त्याचा त्यांना कोण तोरा! लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत.

विश्वंभरच्या हॉटेलासमोर चहा पिणारे बसलेच होते.

"ओ रखमाजी! नेम गेला का काय म्हातारपणी?"

"मोतीबिंदू काढा, मोतीबिंदू!"

तातेराव बशी खाली ठेवत म्हणाले, "घरात अमेरिकावाला बसलाय न् तुमी कशाला फेकता? त्यानं बराबर हाणला असता!"

हशा पिकला. बोडक्या डोक्याचे रखमाजी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "व्हय. चुकलं."

आणि अंगद, सांगायलाही लाज वाटते, लोकांबरोबर थोडासा हसला.

पुढची वीस पावलं त्याला संपेनात. वडील मेंढीला सावरत चालले होते आणि ती त्यांच्या कानाशी कण्हत होती. हापशावर अनुसयाबाई घागर भरत होत्या.

"अगंबाई, भावजी! तुमचा खडा?"

रखमाजींनी तोंड उघडलं.

"काकू, माझा हाय," अंगद म्हणाला.

"चल! चेष्टा करून राहिला."

"न्हाई. माझा नेम गेला. तिकडंबी गेला, म्हणून काढलं मला. सुट्टी-बिट्टी काही न्हाई."

अनुसयाबाईंचा हात दांड्यावरच राहिला. रखमाजींना हे आज कळलं की पाचही महिने ठाऊक होतं, चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. अंगदने काठी भिंतीला टेकवली, वाकून मेंढी त्यांच्या मानेवरून आपल्या मानेवर घेतली. वाटली होती त्याहून जड निघाली. मग तो उलटा वळला.

"आरं, घर हिकडं हाय."

"ठावं हाय, आबा. हॉटेलाम्होरून येतो."

रखमाजी काठी उचलून झपाझपा त्याच्या मागे आले.

"तिचा पाय वर धर," ते म्हणाले. "लोंबून राहिला."