जुना शर्ट, नवा शिवून

माणसाचं मोठेपण त्याच्या कपड्यांत नसतं, असं श्रीकृष्ण सर अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला दरवर्षी सांगत. पुढे अवधूतचा शर्ट गाजला आणि हे वाक्य त्यांनी गाळलं.

कापसाचे भाव पार झोपले होते, ती वर्षं. दिल्लीच्या गाड्या यवतमाळात यायच्या, विश्रामगृहावर वांग्याची भाजी खायच्या आणि चिंता व्यक्त करून परत जायच्या. आपणही काहीतरी करावं, असं कॉलेजला वाटलं. ग्रंथपाल आभा मॅडमनी तोडगा काढला: रेडिमेड सोडा, सुती कापड घ्या, मापानं शिवून घ्या, फाटेस्तोवर वापरा. शिवून घेतलेला शर्ट ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त टिकला असेल, त्याचा संमेलनात सत्कार, फोटो वार्षिकांकात.

मराठी शिकवणाऱ्या अवधूतला काहीच करावं लागलं नाही. त्याचा निळा शर्ट घाटंजीच्या लखीराम टेलरनं कधीकाळी शिवलेला. कॉलर झिजली तेव्हा लखीरामनं ती उसवून उलटी बसवली. पोट सुटलं तेव्हा शिवणीत दाबून ठेवलेलं कापड मोकळं केलं. त्यामुळे शर्ट धुऊन धुऊन फिका आणि दोन्ही कुशींना तेवढी गडद निळी पट्टी.

"बघा," आभा मॅडम स्टाफरूममध्ये त्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शर्ट माणसाबरोबर वाढला!"

श्रीकृष्ण सरांनी स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. तिथे नागपूरच्या रेडिमेड दुकानाचं लेबल होतं. त्या दिवसापासून त्यांना अवधूत आधी दिसेना, पट्ट्या दिसू लागल्या. तो वर्गात शिरला की पट्ट्या शिरायच्या. डबा उघडून बसला की पट्ट्या जेवायच्या.

बाजाराच्या दिवशी सर घाटंजी गाठून लखीरामच्या दुकानात उभे राहिले.

"अवधूतसारखा शर्ट शिव. कॉलर उलटवलेली पाहिजे."

"सर, कॉलर झिजली का उलटवतो आपण. नव्याची कायले उलटवता?"

"तू उलटव."

"उलटवतो. पन उलटवली तरी नवीच दिसन ना."

हा मुद्दा सरांच्या लक्षात आला नव्हता. "बरं, मग कुशीतून सोडलेला शिव. पट्ट्या आल्या पाहिजेत."

"तुमचं पोट सुटलं का आनजा, सोडून देतो."

"सुटलेलंच आहे!"

"म्हंजे आधी लहान शिवाचा, मंग मोठा कराचा?" लखीरामनं टेप गळ्यात टाकली. "लोकं मले मापात शिव म्हनते. मापाबाहेर मांगनारं गिऱ्हाईक तुमीच पयले."

शर्ट लहान शिवून आला. सर तो रोज गच्चीवर उन्हात टाकत आणि रविवारी विटेच्या तुकड्यानं घासत. त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी हा कारभार बरेच दिवस पाहिला.

"अहो, नवंकोरं कापड घासून राह्यले, काहून?"

"कापूसवाल्या शेतकऱ्यांसाठी."

"अवधूत भाऊजींनी घासला का?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"त्यांनी नुसता घातला," एवढं बोलून त्या खाली गेल्या.

शर्ट फिका पडल्यावर लखीरामनं कॉलर उलटवली, कुशी मोकळ्या केल्या. पट्ट्या अशा उठून आल्या की सर आरशापुढे कूस वळवूनच उभे राहत.

संमेलनाच्या दिवशी आभा मॅडमनी विचारलं, "कधीचा हो सर?"

"लग्नातला," सर म्हणाले. समोर बसलेल्या कुंदाताईंना खोकला आला.

अवधूत जवळ येऊन शर्ट न्याहाळू लागला. कॉलर पाहिली, कुशी पाहिल्या. "सर, तुमच्या पट्ट्या माझ्याहून गडद आहेत. कापड कुठलं म्हणायचं?" विचारताना त्याचं तोंड जरासं कडू झालं होतं. सरांनी ते डोळे भरून पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांना असं बरं वाटलं नव्हतं.

सत्कार सरांचाच झाला. प्राचार्यांनी नारळ दिला, शाल पांघरली, फोटोवाल्यानं "सर, इकडे" म्हटलं.

अंक आला तेव्हा सरांनी संपादकीय वगैरे ओलांडून थेट फोटोचं पान काढलं. मध्यभागी सर, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत शालीत. मागे टाळ्या वाजवणारा अवधूत, हात वर गेल्यामुळे त्याच्या दोन्ही पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या.

शाल ॲक्रिलिकची होती.